डेन्मार्कचं पत्र

“कपाटाची किल्ली आता तुमच्याकडेच ठेवा, मॅडम,” दादासाहेब देशमाने म्हणाले आणि त्यांनी किल्ली माझ्यापुढे सरकवली. “पन्नास वर्षांचं सगळं आहे त्यात. इतिवृत्तं, फोटो, पत्रव्यवहार. अंक असा निघू द्या, की सगळ्या डिस्ट्रिक्टमध्ये बार्शीचं नाव झालं पाहिजे.”

“काढते की,” मी म्हणाले.

दोन हजार नऊचा जानेवारी होता. आमच्या लँटर्न क्लबला फेब्रुवारीत पन्नास वर्षं पुरी होत होती. हा क्लब चाळीसेक देशांत पसरलेला. कुठल्याही गावात जा, कंदिलाची पाटी शोधा, कोटावरची पिन दाखवा, चहा आणि माणसं मिळणारच, असं आमचे लोक अभिमानाने सांगायचे. महिन्यातून दोन सभा, सभेनंतर जेवण. त्या जेवणाला फेलोशिप म्हणायचं. ‘कंदील’ नावाचं चार पानी बातमीपत्र निघायचं. कोणाच्या मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला, कुठल्या शाखेने डोळ्यांचं शिबिर घेतलं, कोण परदेशी जाऊन तिथल्या शाखेचा झेंडा घेऊन आलं, असल्या बातम्या त्यात असत. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, म्हणून संपादकपण माझ्याकडे आलं होतं. माझा नवरा सतीश दातांचा डॉक्टर. आम्ही दोघंही सहा वर्षांपासून सभासद होतो.

दादासाहेब क्लबच्या संस्थापकांपैकी. तेलाची गिरणी, ताठ चाल, वय एक्याऐंशी. तीनदा अध्यक्ष झालेले. त्यांचा शब्द क्लबात कोणी खाली पडू देत नसे.

मी गिरिजा कोठावळे. लग्नाआधीची मेनकुदळे. हे दादासाहेबांना माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉलवर जाऊन कपाट उघडलं. बातमीपत्रांचे बांधलेले गठ्ठे, वाळवीने खाल्लेले फोटो आणि तळाशी ‘परदेश’ असं लिहिलेली एक खाकी फाइल. डेन्मार्कमधल्या एका बंदराच्या गावचा क्लब आमचा जोडीदार होता. नाताळची कार्डं, कोणाच्या बारशाचं कळवणारी पत्रं, असं बरंच होतं. मग एक निळसर कागद हाताला लागला. मे एकोणीसशे चौऱ्याऐंशी. सहीच्या जागी इंगर होल्स्ट. दीड पानाचं, टाइप केलेलं पत्र. वरच्या समासात मराठीत एक ओळ लिहिलेली, निळ्या शाईत.

मी ते उभ्यानेच वाचलं. मग स्टूल ओढून बसले आणि परत वाचलं. नंतर घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

चौऱ्याऐंशी साली मी तेरा वर्षांची होते. माझे वडील, शिवाप्पा मेनकुदळे, बार्शीत नावाजलेले आचारी. सगळे त्यांना आप्पाच म्हणायचे. लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी मंगल कार्यालयाकडे नाही, आमच्या घराकडे यायचा. आप्पांची तारीख मिळाली तर मुहूर्त धरायचा. त्या मार्चमध्ये डेन्मार्कहून आठ पाहुणे आले, म्हणून क्लबाने मोठं जेवण ठेवलं. दुपारी नव्वद पानं उठली. संध्याकाळपर्यंत चाळीस जण उलट्या-जुलाबांनी बेजार. निम्म्यांना सलाईन लावावं लागलं. कोणी दगावलं नाही, आठवड्यात सगळे हिंडू-फिरू लागले.

एप्रिलच्या ‘कंदील’मध्ये बातमी आली. मला ती आजही पाठ आहे. “स्नेहभोजनात घडलेल्या दुर्दैवी प्रकारास आचारी शिवाप्पा मेनकुदळे यांचा निष्काळजीपणा कारणीभूत असल्याचे दिसून आले आहे. यापुढे त्यांना काम न देण्याचा ठराव क्लबने केला असून सर्व सभासदांनी व इतर शाखांनी याची नोंद घ्यावी.” गावातल्या साप्ताहिकाने ती तशीच उचलली. वैशाखातली अकरा लग्नं आप्पांच्या हातात होती. अकराही गेली. एक गृहस्थ तर आगाऊ दिलेली सुपारी परत मागायला स्वतः आले आणि उंबऱ्याच्या आत पाय न टाकता उभे राहिले. आईने पाणी दिलं, तेही घेतलं नाही.

आप्पा दादासाहेबांच्या गिरणीवर गेले. त्या वर्षी तेच अध्यक्ष होते. आप्पा तासाभराने परत आले आणि आईला एवढंच म्हणाले, “साहेब म्हणाले, क्लब जगभरचा हाय, त्याची अब्रू जपली पाहिजे. तुमचं काय, लोकं दोन महिन्यांत इसरतील.”

लोक विसरले नाहीत. जूनमध्ये आम्ही लातूरला गेलो. आप्पा एका वसतिगृहाच्या खानावळीत लागले. ज्या माणसाने हजार पानांच्या पंगती उठवल्या, तो वीस वर्षं मुलांना पातळ आमटी आणि जाड पोळ्या वाढत राहिला. सणाला घरीसुद्धा कढई चढवायची नाही म्हणायचे. मला बार्शीचं स्थळ सांगून आलं, तेव्हा आप्पांनी फक्त विचारलं, “दुसरं गाव न्हाई का मिळत?” मी हट्टाने होकार दिला. क्लबातही मी हट्टानेच शिरले. काय करायचं ते तेव्हा ठरलेलं नव्हतं. त्या माणसाच्या जवळपास राहायचं, एवढंच ठरलं होतं.

रात्रीच्या जेवणानंतर मी पत्र सतीशपुढे ठेवलं. त्याने वाचलं, समासातली ओळ दोनदा पाहिली.

“छाप,” तो म्हणाला. “अंकात छापायलाच पाहिजे हे.”

“छापणारच आहे. पण आधी ते वाचून दाखवणार.”

“कोण?”

“दादासाहेब. दर मोठ्या कार्यक्रमाला जोडीदार क्लबाचं पत्र तेच वाचतात ना?”

सतीशने पत्राची घडी घातली. “त्यांना स्वतःला वाचायला लावू नकोस, गिरिजा. एक्याऐंशी वर्षांचा माणूस आहे.”

“आप्पा तेव्हा एकोणपन्नासचे होते.”

“मला आप्पांचं कळतं. पण हे निराळं आहे.”

“निराळंच करायचंय मला,” मी म्हणाले.

त्याने परत विषय काढला नाही. मी पत्राचं मराठी केलं, एक शब्द इकडचा तिकडे होऊ न देता. मोठ्या अक्षरात टाइप केलं, दादासाहेबांना चष्मा लावूनही बारीक दिसत नसे म्हणून. मागे मूळ पत्राची झेरॉक्स जोडली. सुवर्णमहोत्सवी ‘कंदील’च्या पहिल्या दोन पानांवर ती दोन्ही छापली आणि डिस्ट्रिक्टच्या सगळ्या शाखांना जायच्या तीनशे प्रती कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी स्वतः पोस्टात टाकल्या. त्या थांबवणं आता कोणाच्या हातात राहिलं नव्हतं.

आठ दिवस आधी दादासाहेबांचा फोन आला होता. “डेन्मार्कचं पत्र आलं का हो?”

“आलंय.”

“चांगलं आहे ना?”

“फार मनापासून लिहिलंय,” मी म्हणाले.

आप्पांना लातूरहून आणायचं म्हणजे खोटं बोलणं भाग होतं. सगळ्यांचे आईवडील येणार आहेत, मुख्य पाहुण्यांच्या हस्ते माझा सत्कार आहे, असं सांगितलं. ते नाखुशीनेच आले. स्वच्छ धोतर, टोपी, नवा चष्मा. पार वाळले होते. हॉलवर त्यांना कोणीही ओळखलं नाही. मी त्यांना तिसऱ्या रांगेत कडेला बसवलं. पहिल्या रांगेत दादासाहेबांच्या पत्नी, इंदुमतीकाकू, मोतिया रंगाची साडी नेसून बसल्या होत्या. मला पाहून त्या हसल्या. त्या नेहमीच माझ्याशी मायेने वागायच्या. दिवाळीला फराळाचा डबा न चुकता पाठवायच्या.

रविवारची सकाळ. तीनशे माणसं. पुण्याहून डिस्ट्रिक्ट गव्हर्नर आलेले. घंटा झाली, झेंडे लागले, स्वागतं झाली. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. सव्वाअकराला मी म्हणाले, “आता आपल्या जोडीदार क्लबाचं पत्र. वाचताहेत आपले ज्येष्ठ, आदरणीय दादासाहेब देशमाने.”

टाळ्या झाल्या. मी लिफाफा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो ऐटीत फोडला, घसा साफ केला आणि वाचायला लागले.

“प्रिय मित्रहो, तुमच्या गावाहून परत येऊन दीड महिना झाला, पण तुमच्या मायेची ऊब अजून आमच्या घरात आहे. इथे अजून थंडी आहे. तुमच्या मुलांनी दिलेले काचेच्या मण्यांचे हार मी खिडकीत टांगले आहेत.”

महोत्सवासाठी मुद्दाम जुनं पत्र काढलंय असं वाटून लोक कौतुकाने हसले. दादासाहेबांनी मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं आणि पुढे वाचलं.

“तुमच्या ‘कंदील’चा एप्रिलचा अंक मिळाला. शेवटच्या इंग्रजी पानावरची एक बातमी वाचून आम्हा दोघांना फार वाईट वाटलं. त्या जेवणानंतर पुष्कळ लोक आजारी पडले, त्याचा दोष तुम्ही आचाऱ्याला दिला आहे.”

ते थांबले. कागद जरा लांब धरला. त्यांच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही, फक्त आवाज उतरला. वाचता वाचता थांबायचं कसं, हे त्यांना सुचलं नसावं. पुढची वाक्यं ते वाचत गेले.

“माझ्या पतीला मधुमेह आहे, म्हणून आम्ही दोघांनी गोड घेतलं नाही. आचाऱ्याने केलेलं बाकी सगळं आम्ही पोटभर खाल्लं. वांग्याची भाजी मी दोनदा घेतली. आम्हाला काहीही झालं नाही. आमच्याबरोबरच्या सहा जणांनी दुधाचं ते पक्वान्न खाल्लं आणि ते सहाही जण आजारी पडले. ते पक्वान्न आचाऱ्याने केलेलं नव्हतं. ते...”

“पुढे वाचा, दादासाहेब,” मी माइकवर म्हणाले.

“चष्मा...” ते पुटपुटले.

“अक्षर मोठं केलंय मी. वाचा.”

गव्हर्नर माझ्याकडे पाहत होते, मी दादासाहेबांकडे.

“ते अध्यक्षांच्या घरून आलं होतं, असं त्यांनीच आम्हाला अभिमानाने सांगितलं होतं. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण एका माणसाचं नाव छापलं गेलं आहे. कृपया माझं हे पत्र पुढच्या अंकात छापा आणि त्या आचाऱ्याला सांगा, की त्याच्या हातचं जेवण आम्ही विसरणार नाही. तुमची, इंगर होल्स्ट.”

“पान उलटा,” मी म्हणाले. “ते मूळ पत्र आहे, चौऱ्याऐंशी सालचं. वरच्या समासात तुमच्या अक्षरात एक ओळ आहे. तीही वाचा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. मी हात जोडून उभी होते, सूत्रसंचालक उभे राहतात तशी.

“छापू नये,” त्यांनी वाचलं. “उत्तर देऊ नये. फाइल. देशमाने.”

“त्या आचाऱ्यांचं नाव शिवाप्पा मेनकुदळे,” मी म्हणाले. “मी त्यांची मुलगी. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत.”

तीनशे माना वळल्या. आप्पा उठले नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खाली पाहत राहिले.

मला आनंद झाला होता. खोटं कशाला सांगू? कोणी मेलं नव्हतं त्या वेळी, नुसती लाज होती. ती एका घरात मावली असती. त्यांनी ती दुसऱ्याच्या घरी पाठवली होती. आज ती परत पोचवल्याचं समाधान मला पुरेपूर मिळालं.

पण तेवढ्यावर संपलं नाही. इंदुमतीकाकू उठल्या. हळूहळू चालत स्टेजच्या पायऱ्यांपाशी आल्या. त्या नवऱ्याशीच बोलत होत्या, हलक्या आवाजात, पण माइक चालू होता.

“तुम्ही मला वांग्याच्या भाजीचं म्हणाला होता.”

दादासाहेबांनी चष्मा काढला.

“डॉक्टरांनी सांगितलंय म्हणालात, भाजीनेच झालं. पंचवीस वर्षं मी घरात वांगं आणू दिलं नाही.”

त्या स्वतःच्या खुर्चीकडे न जाता दरवाजाकडे गेल्या. दादासाहेब कागदांची घडी घालत होते. घडी नीट बसत नव्हती. गव्हर्नरांनी माइक हातात घेऊन काहीतरी सद्भावनेचं बोलून फेलोशिपसाठी सगळ्यांना आमंत्रण दिलं. लोक जेवायला गेले. दुसरं काय करायचं ते कोणालाच कळत नव्हतं.

आम्ही जेवलो नाही. सतीश गाडी चालवत होता, आप्पा पुढे आणि मी मागे. बार्शी मागे पडली. आप्पांनी काही म्हणावं म्हणून मी आतुर झाले होते.

“आप्पा, बोला की.”

“काय बोलू?” ते म्हणाले. “साहेबांच्या बाईंना कशाला मध्ये घेतलंस?”

“मी कुठे घेतलं? पत्रात त्यांचं नावसुद्धा नाही.”

आप्पा काचेतून बाहेर पाहत होते. “त्या दिवशी पंगत बसायच्या वक्ताला बाई मागं चुलीपाशी आल्या हुत्या. पातेल्यावरचं झाकण काढून म्हणाल्या, आप्पा, जरा बघा हो, बासुंदीला वास येतोय का. मी बघितलं. आंबूस वास हुता. जरासाच, पर हुता.”

सतीशने गाडीचा वेग कमी केला.

“मग?” मी विचारलं.

“मी म्हणालो, चांगली हाय, वाढा.”

“का पण?”

“त्यांचं तोंड बघून. आदल्या दिवशी दुपारपासनं दूध आटवत हुत्या. परदेशचे पाव्हणे आलेले. दारात साहेब हुभे. मी आचारी माणूस, मालकिणीच्या हातच्याला नाव ठेवू का?” मग ते म्हणाले, “वाटलं, वेलदोडा जास्त घातलाय, चालून जाईल.”

“हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं कोणाला?”

“काय सांगू? ठाऊक असून वाढलं, म्हणून सांगू?”

“मग गिरणीवर कशाला गेला होता?”

“सांगायलाच गेलतो. वाटलं, साहेब विचारतील, काय झालं म्हणून. त्यांनी विचारलंच न्हाई. माझं नाव आधीच छापायला गेलतं.”

लातूर आलं. दारात उतरताना आप्पा म्हणाले, “बाईंची चूक न्हवती. त्यांनी विचारलं हुतं.”

पुढच्या आठवड्यात क्लबाने माझा राजीनामा मागितला. क्लबातल्या स्नेहभावाला बाधा आल्याचं कारण लिहिलं होतं. मी दिला. सतीशनेही दिला, माझ्यासाठी नाही, त्याला तिथे बसणं जड जाईल म्हणून. पोस्टात टाकलेले अंक पोचले होते. सोलापूर, कराड, सातारा, कुठून कुठून फोन येत होते, शाबासकीचे. दादासाहेब सभांना यायचे बंद झाले. गिरणीवरही जात नाहीत, दुपारभर बाहेरच्या खोलीत बसून असतात, घरात दोघांचं बोलणं नाही, अशा बातम्या कानावर आल्या. मी त्या ऐकून घेत असे. कधी कधी स्वतःहून विचारतही असे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात इंदुमतीकाकू आमच्याकडे आल्या. एकट्या, रिक्षाने. दवाखान्याच्या वर आमचं घर, सोळा पायऱ्यांचा जिना. त्यांना धाप लागली होती. सोफ्याच्या कडेला बसल्या, पाणी प्यायल्या.

“भांडायला नाही आले मी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत. वडिलांसाठी केलंत. एक विचारायला आलेय.”

“विचारा.”

“त्या दिवशी मला शंका आली होती. बासुंदीची. मी मागे जाऊन तुमच्या वडिलांना पातेलं दाखवलं होतं, वास बघा म्हणून. ते चांगली आहे म्हणाले, मग मी वाढायला दिली.” त्या माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. “असं मला आठवतं. पण हे त्या रविवारीच म्हणाले, तू आता मनाने रचतेस, आपली चूक कमी करायला. इतकी वर्षं झाली. मलाच आता खात्री वाटत नाही. मी खरंच विचारलं होतं, की मला तसं वाटून घ्यायचंय? झोप येत नाही हो मला. तुमच्या वडिलांना एकदा विचारता का? त्यांना आठवत असेल. दुसरं कोणी नव्हतं तिथे.”

फोन त्यांच्या आणि माझ्या मधल्या टेबलावरच होता. आप्पा त्या वेळी घरीच असायचे. पहिल्या घंटेला उचलायचे.

मला आमच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिलेला तो गृहस्थ आठवला आणि पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून उभी असलेली आई. आई त्या लातूरच्या भाड्याच्या खोलीतच गेली, पुन्हा बार्शी न बघता. तिलाही कित्येक वर्षं झोप लागत नव्हती.

“आप्पांना आता मागचं काही आठवत नाही, काकू,” मी म्हणाले.

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

त्यांनी मान हलवली. “मग माझंच चुकत असेल,” असं म्हणून उठल्या. मी दारापर्यंत गेले. त्या कठडा धरून एकेक पायरी उतरू लागल्या. दर दोन पायऱ्यांवर थांबत होत्या. चौथ्या पायरीवर त्यांनी मागे वळून पाहिलं, हात द्याल का, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मी तिथेच उभी राहिले. त्या खाली पोचल्यावर दार लावलं.